एक विमान उडतंय आणि त्याच रनवेवर मागून दुसरं टेकतंय: नियम नेमका काय?

निळीझेप

८ जून २०२४ चा मुंबईचा तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. रनवे २७ वरून एअर इंडियाचं तिरुअनंतपुरमचं विमान चाकं उचलतंय आणि इंदूरहून आलेलं इंडिगोचं विमान त्याच रनवेवर मागे टेकतंय. आपापल्या विमानाला परवानगी होती असं दोन्ही कंपन्यांनी सांगितलं. डीजीसीएने (विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने) चौकशी लावली आणि टॉवरमधल्या त्या कंट्रोलरला कामावरून बाजूला ठेवलं. त्या चौकशीवर वाद घालायचा नाही, मला मूळ व्यवस्था समजून घ्यायची आहे.

१. पुढचं विमान रनवेवर असताना मागच्याने उतरायचंच नाही, असा नियम आहे की दोघांत ठरावीक मीटरचं अंतर चालतं?
२. टेकऑफ घेणाऱ्या वैमानिकाला मागचं काही दिसत नाही. मग टीकॅस (विमानातली टक्कर टाळणारी यंत्रणा) त्याला सावध करत नाही का?
३. टॅक्सी करणारी (जमिनीवरून चालत जाणारी) विमानं आणि गाड्या रनवेवर घुसू नयेत यासाठी प्रत्यक्षात काय काय असतं?

जाणकारांनी सविस्तर लिहावं, लांबलं तरी चालेल.

टॉवरकॅब

पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

मूळ नियम मीटरमध्ये नाहीच. उतरणाऱ्या विमानाने थ्रेशोल्ड (रनवेच्या सुरुवातीची रेषा) ओलांडण्याआधी पुढच्या उडणाऱ्या विमानाने रनवेचं दुसरं टोक पार केलेलं असावं किंवा वळण सुरू केलेलं असावं. पुढचं विमान उतरलेलं असेल, तर ते रनवे सोडून पूर्ण बाहेर गेलेलं असावं. टेकऑफलाही हेच लागू: पुढे उडालेलं विमान टोकापलीकडे गेलं किंवा वळलं, आणि आधी उतरलेली सगळी विमानं बाहेर पडली, की मगच धाव सुरू.

याला एक सवलत आहे, तिला रिड्यूस्ड रनवे सेपरेशन म्हणतात. त्यात मीटर येतात. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ सारख्या विमानांसाठी पुढचं विमान हवेत असायला हवं आणि थ्रेशोल्डपासून २४०० मीटर पुढे गेलेलं असायला हवं, मग मागच्याने टेकलं तरी चालतं. पण अटी कडक आहेत. सूर्यास्त ते सूर्योदय बंद. दृश्यमानता किमान ५ किलोमीटर, ढगांचा तळ ३०० मीटरच्या खाली नको, पाठवारा ५ नॉटपेक्षा (एक नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) जास्त नको, रनवे ओला होऊन ब्रेक कमी लागतोय अशी स्थिती नको, आणि मागच्या वैमानिकाला पुढच्या विमानाची माहिती दिलेली हवी. आधी उतरलेलं विमान रनवेवर असताना मागच्याला टेकऑफ देण्यासाठी ही सवलत मुळीच नाही. लोक इथे गल्लत करतात. समोर विमान थांबलेलं किंवा वळून बाहेर पडत असेल, तर कितीही मीटर मोकळे दिसोत, टेकऑफ नाही.

आता वेळेचा हिशोब मांडतो, कारण कंट्रोलरचं डोकं मीटरपेक्षा सेकंदांत चालतं.

अंतिम टप्प्यात विमान साधारण १४० नॉटने येतं. म्हणजे सेकंदाला ७२ मीटर, आणि एक नॉटिकल मैल कापायला जेमतेम २६ सेकंद. रनवेवर सरळ उभं राहिलेलं ३२० टेकऑफची परवानगी मिळाल्यावर ती परत म्हणून दाखवतं, थ्रस्ट (इंजिनांचा जोर) वाढवतं, स्थिर होऊ देतं. यात ८ ते १० सेकंद जातात. हवेत जायला पुढचे ३५ ते ४०. मुंबईच्या २७ ची लांबी ३४४८ मीटर आहे. तिचं टोक पार होईपर्यंत परवानगीपासून ६५ ते ७० सेकंद झालेले असतात. सत्तर सेकंदांत मागचं विमान ५ किलोमीटर पुढे सरकतं, म्हणजे जवळजवळ पावणेतीन नॉटिकल मैल (पुढेही मैल म्हणजे हेच). ‘क्लिअर्ड फॉर टेकऑफ’ म्हणताना येणारं विमान तीन मैलांच्या आत असेल, तर त्या क्षणी गणित चुकलेलं आहे. फक्त ते दिसायला अजून एक मिनिट आहे.

आणि हे विमान रनवेवर सरळ उभं असेल तरचं. होल्डिंग पॉइंटवर (रनवेत शिरण्याआधी थांबायच्या जागी) असेल तर आत येऊन सरळ व्हायला आणखी ३० ते ४० सेकंद धरा. ४ फेब्रुवारी २०२३ ला अमेरिकेत ऑस्टिनला हेच घडलं. दाट धुकं, फेडेक्सचं ७६७ तीन मैलांवर, आणि होल्डिंग पॉइंटवरच्या साउथवेस्टच्या ७३७ ला टेकऑफची परवानगी. गोठवणाऱ्या धुक्यात इंजिनं थोडी चालवून बघावी लागतात, म्हणून ते रनवेवर येऊन थांबलं. ७६७ च्या वैमानिकांना धुक्यात आकृती दिसली आणि त्यांनी गो-अराउंड केला (उतरणं सोडून विमान पुन्हा वर नेलं). दोन विमानांत दोनशे फुटांपेक्षा कमी अंतर उरलं होतं. त्या विमानतळावर जमिनीवरची विमानं दाखवणारं रडार नव्हतं आणि टॉवरमधून रनवे दिसत नव्हता. ‘तीन मैल आहेत, होऊन जाईल’ हा अंदाज स्वच्छ हवेतल्या सवयीतून येतो. धुक्यात तोच अंदाज जीव घेतो.

म्हणून फट अरुंद असेल तर शब्द वेगळे असतात: ‘क्लिअर्ड फॉर इमिजिएट टेकऑफ’. याचा अर्थ रनवेवर येणं आणि धाव घेणं एकाच दमात, मध्ये थांबणं नाही. जमणार नसेल तर वैमानिकाने आत पाऊल टाकायच्या आधी ‘अनेबल’ म्हणायचं. यात कमीपणा नाही. आत येऊन चेकलिस्ट उघडणं मात्र गंभीर चूक आहे.

परवानगी दिल्यावर ती मागे घ्यायचे शब्दही ठरलेले आहेत. विमान हललेलं नसेल तर ‘होल्ड पोझिशन, कॅन्सल टेकऑफ, आय से अगेन, कॅन्सल टेकऑफ’ आणि कारण. धाव सुरू झाली असेल तर ‘स्टॉप इमिजिएटली’, कॉलसाइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) पुन्हा, आणि पुन्हा ‘स्टॉप इमिजिएटली’. दोन प्रसंगांना दोन वेगळी वाक्यं आहेत ती मुद्दाम. दुसरं ऐकणारा माणूस शंभर नॉटवर आहे, त्याला कारण ऐकायला वेळ नाही.

उजवीसीट

प्रश्न २. टीकॅस तुम्हाला रनवेवर वाचवत नाही. हे ठामपणे लिहितोय, कारण हा गैरसमज फार पसरलेला आहे.

जमिनीपासून साधारण १००० फुटांच्या खाली टीकॅस ‘वर जा, खाली जा’ असा कोणताही आदेश देत नाही. ५०० फुटांच्या खाली तर ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ ही हाकही बंद असते. कारण सरळ आहे: इतक्या खाली ‘डिसेंड’ म्हणून चालणार नाही, आणि टेकऑफच्या वेळी दर मिनिटाला खोटी हाक आली तर वैमानिक ती ऐकायचंच सोडून देईल. म्हणजे धाव सुरू झाल्यापासून पहिली काही सेकंदं कॉकपिटमधलं कोणतंही यंत्र तुम्हाला मागच्या विमानाबद्दल सांगत नाही.

तरी एक उपयोग आहे. लाइनअप करताना (रनवेवर येऊन सरळ उभं राहताना) नॅव्हिगेशन डिस्प्ले लहान रेंजवर घेऊन अंतिम टप्प्यावर कोण आहे ते पाहून घ्यावं. पडद्यावर दुसऱ्या विमानाची हिऱ्याची खूण दिसली आणि त्याचं अंतर तीन मैल असेल, तर टॉवरने अजून टेकऑफ का दिला नाही किंवा का दिला, हा प्रश्न मनात आलाच पाहिजे. आत वळताना उजवी सीट उजवीकडचा आणि डावी सीट डावीकडचा फायनल (उतरणाऱ्यांचा अंतिम टप्पा) डोळ्यांनी पाहते आणि मोठ्याने ‘क्लिअर’ म्हणते. हे ‘क्लिअर’ पाहून म्हटलेलं असावं, सवयीने नाही.

आता कान. टॉवरच्या फ्रिक्वेन्सीवर चाललेलं सगळं तुमच्यासाठी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत एकाच कंपनीच्या एका विमानाला रनवे ओलांडायला सांगितलं गेलं आणि दुसऱ्याला त्याच रनवेवरून टेकऑफची परवानगी मिळाली. ओलांडणाऱ्या विमानाच्या कॅप्टनने बोलून दाखवलं आणि टेकऑफ थांबवला गेला. ओलांडणारी विमानं वेगळ्या ग्राउंड फ्रिक्वेन्सीवर ठेवली तर हे ऐकूच येत नाही. माझं स्पष्ट मत आहे की रनवे ओलांडायचा तर त्या रनवेच्या टॉवर फ्रिक्वेन्सीवरच, आणि इंग्रजीतच. बाकी सोयी नंतर.

रनवेवर उभं राहून वाट बघणं ही सगळ्यात धोक्याची जागा. १ फेब्रुवारी १९९१ ला लॉस एंजलिसला एका लहान प्रवासी विमानाला रात्री रनवेच्या मध्यातल्या इंटरसेक्शनवर आणून थांबवलं गेलं. मग कंट्रोलरच्या लक्षातून ते निसटलं आणि त्याच रनवेवर ७३७ ला उतरायची परवानगी मिळाली. ३५ माणसं गेली. मागून येणाऱ्याला पुढच्या विमानाचा शेपटीचा दिवा रनवेच्या दिव्यांच्या रांगेतून वेगळा दिसलाच नाही. अमेरिकेत वैमानिकांना तेव्हापासून सांगतात की उभं राहून दीड मिनिट झालं आणि काही ऐकू आलं नाही, तर स्वतः विचारा. तिथली दिव्यांची पद्धतही घेण्यासारखी आहे: लाइनअप करताना लँडिंग लाइट सोडून बाकी सगळे दिवे लावायचे, आणि टेकऑफची परवानगी मिळाली की लँडिंग लाइट. समोरून पाहणाऱ्याला त्यावरून कळतं की हे विमान उभं आहे की निघालंय.

समोर काही दिसलंच तर? कोरड्या रनवेवर १०० नॉटवरून थांबायला प्रतिक्रियेचे दोन-तीन सेकंद धरून ढोबळ साडेचारशे मीटर लागतात, १४० नॉटवरून ८०० च्या पुढे. जानेवारी २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या जेएफकेवर डेल्टाचं ७३७ १०० नॉटच्या आसपास असताना समोरून अमेरिकनचं ७७७ रनवे ओलांडताना दिसलं. टॉवरमधल्या जमिनीवरच्या रडारने गजर दिला, कंट्रोलरने टेकऑफ रद्द केला आणि विमान थांबलं. वेग व्ही-वनच्या (ज्याच्यापुढे थांबायला रनवे पुरेलच असं नसतं त्या वेगाच्या) पुढे असता तर उरलेला पर्याय एकच होता, वर उचलणं.

एप्रन_रात्रपाळी

उचलण्याचंच उदाहरण आपल्या पुण्याचं आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये लोहगावहून दिल्लीला निघालेल्या एअर इंडियाच्या ३२१ च्या वैमानिकांना धावताना पुढे एक जीप आणि माणूस दिसला. त्यांनी विमान नेहमीपेक्षा लवकर उचललं. विमान दिल्लीला सुखरूप पोचलं, पण शेपटीकडच्या भागावर घासल्याची खूण निघाली. लवकर उचलणं म्हणजे कमी वेगात नाक जास्त वर, आणि ३२१ लांब असल्याने शेपूट टेकायला वेळ लागत नाही.

गाड्यांच्या बाबतीत चुकतं ते असं. एकदा आत जायची परवानगी मिळाली की चालकाला ती अख्ख्या कामाची वाटते. ‘रनवे तपासून बाहेर या’ आणि ‘रनवे तपासा, होल्ड शॉर्ट करा (रेषेअलीकडेच थांबा)’ हे दोन वेगळे निरोप आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये लिमाला सरावासाठी निघालेली अग्निशमनाची गाडी रनवेवर आली, तेव्हा ३२० निओ टेकऑफच्या धावेत होतं. जवानांचा जीव गेला. सराव ठरलेला होता, सगळ्यांना माहीत होता, आणि त्याच माहितीला परवानगी समजलं गेलं.

म्हणून जमिनीवरचे काही नियम असे:

– तपासणीची गाडी विमानांच्या दिशेच्या उलट चालवावी. उडणारं किंवा उतरणारं समोरून येतं आणि चालकाला दिसतं. पाठीमागून येणारं दिसत नाही आणि इंजिनाच्या आवाजात ऐकूही येत नाही.
– वर पिवळा फिरता दिवा, आणि आत त्याच रनवेच्या टॉवर फ्रिक्वेन्सीवरचा रेडिओ. मागच्या गाडीकडे रेडिओ नसेल तर ती आत नको.
– ‘व्हेकेटेड’ तेव्हाच म्हणायचं जेव्हा अख्खी गाडी होल्डिंग रेषेच्या बाहेर आहे. ही रेषा म्हणजे टॅक्सीवेवर आडव्या चार पिवळ्या पट्ट्या, दोन अखंड आणि दोन तुटक. अखंड बाजू थांबणाऱ्याकडे. मोठ्या इन्स्ट्रुमेंट रनवेला ती मध्यरेषेपासून किमान ९० मीटरवर असते. रनवेची कड सोडली म्हणजे बाहेर आलो, हा समज चुकीचा. मधल्या पट्ट्यात उभी गाडीसुद्धा रनवेवरच मोजली जाते.
– रनवे वापरात नसला तरी ओलांडायला वेगळी परवानगी लागते. मुंबईत ०९/२७ आणि १४/३२ (हे रनवेच्या दोन टोकांचे आकडे) एकमेकींना छेदतात. २७ चालू असताना समांतर टॅक्सीवेवरून जाणारा १४/३२ ओलांडतोच. ‘ती आज बंद आहे’ म्हणून न विचारता पुढे गेलात, तर ज्या दिवशी वारा फिरेल त्या दिवशी अपघात ठरलेला.

स्टॉप बारबद्दल माझा आग्रह आहे. होल्डिंग रेषेवर टॅक्सीवेच्या आडव्या, तीन-तीन मीटरवर बसवलेल्या लाल दिव्यांची ओळ. लाल असेपर्यंत कोणी ओलांडायची नाही, तोंडी परवानगी असली तरी. कंट्रोलर दिवे विझवतो, मग पलीकडचे हिरवे लागतात, मग निघायचं. बऱ्याच ठिकाणी हे फक्त धुक्यात लावतात. ते चोवीस तास लावावेत. २ जानेवारी २०२४ च्या टोकियोच्या हानेदा विमानतळावरच्या धडकेत हवा स्वच्छ होती, वेळ रात्रीची होती, आणि कोस्ट गार्डचं विमान थांबायच्या जागेवरून सरळ रनवेवर आलं. तिथले स्टॉप बार दुरुस्तीमुळे बंद होते, आणि चालू असते तरी कमी दृश्यमानतेतच लावायची पद्धत होती.

उलट बाजूही सांगतो. २००१ मध्ये मिलानच्या लिनाटेला एका टॅक्सीवेवर लाल दिवे कायमचे जळत, टॉवरला ते विझवताच येत नसत. धुक्यात वाट चुकलेलं लहान जेट ते ओलांडून रनवेवर गेलं आणि टेकऑफ घेणारं एमडी-८७ त्याला धडकलं. ११८ मृत्यू. ज्या लाल दिव्यावरून रोज जावं लागतं तो लाल दिवा राहत नाही.

निळीझेप

फार उपयोगी. दोन उपप्रश्न. हानेदाला त्या वैमानिकांनी रीडबॅक (ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवणं) बरोबर दिला होता असं वाचलं. मग चूक पकडली कशी जाणार? आणि समांतर रनवे असले की हा सगळा ताण संपतो का?

टॉवरकॅब

रीडबॅक बरोबर होता. कंट्रोलर म्हणाला ‘नंबर वन, टॅक्सी टू होल्डिंग पॉइंट सी-फाइव्ह’, आणि तेच परत आलं. ‘नंबर वन’ म्हणजे उडण्याच्या क्रमात पहिला. ऐकणाऱ्यांनी त्यातून आत जायची मुभा वाचली. रीडबॅक शब्द पकडतो, समजूत पकडत नाही. जपानने त्यानंतर काही काळ क्रमांक सांगणंच थांबवलं. जपान एअरलाइन्सच्या एअरबस ३५० मधले ३७९ जण वाचले, कोस्ट गार्डच्या सहापैकी पाच गेले.

म्हणून शब्द जितके कमी तितकं बरं. ‘टेकऑफ’ हा शब्द फक्त परवानगी देताना किंवा ती रद्द करताना उच्चारायचा, बाकी वेळी ‘डिपार्चर’. हा धडा १९७७ च्या टेनेरिफच्या विमानधडकेचा आहे, ५८३ जीव देऊन शिकलेला. अट घालायची तर ती वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे: ‘बिहाइंड लँडिंग एअरबस ३२०, लाइन अप रनवे २७, बिहाइंड’. रेडिओ मध्येच तुटला तरी एक ‘बिहाइंड’ पोचतो. ज्याच्या मागे जायचं ते विमान वैमानिक आणि कंट्रोलर दोघांना दिसत असेल तरच अशी परवानगी. एकाच रांगेत दोन ३२० येत असतील तर मी अशी परवानगी देऊ नये असंच म्हणेन, कारण ‘कोणतं ३२०’ हे सांगायला पुरेसे शब्द उरत नाहीत.

विसरण्यावर उपाय मात्र हाताने करायचा असतो. गाडी आत गेली किंवा विमान लाइनअप झालं की स्ट्रिपच्या (विमानांच्या नोंदपट्ट्यांच्या) फळीवर त्या रनवेच्या खणात लाल पट्टी आडवी ठेवायची. ती उचलल्याशिवाय परवानगी नाही. परवानगीच्या आधी रनवेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत नजर फिरवायची, मग फायनल, मग पट्टी, मग बोलायचं. पट्टी बघून नजर फिरवली तर डोळे पट्टीला हवं तेच बघतात. तासाला चाळीसच्या वर विमानं एका रनवेवर काढताना हा क्रम सगळ्यात आधी आखूड होतो. मुंबईत २०२४ च्या सुरुवातीला गर्दीच्या वेळची मर्यादा ताशी ४६ वरून ४४ केली, आणि ती योग्यच होती. दोन विमानं कमी म्हणजे प्रत्येक फटीत साडेतीन-चार सेकंद जास्त. वर ७२ मीटरचा हिशोब दिलाय, त्यात हे किती होतात ते बघा.

समांतर रनवेंनी ताण संपत नाही, त्याची जागा बदलते. दोन समांतर रनवेंवरून एकाच वेळी स्वतंत्र टेकऑफ द्यायचे तर मध्यरेषांत किमान ७६० मीटर हवेत, उडाल्याबरोबर दोघांच्या वाटा सर्वसाधारणपणे १५ अंशांनी फाकायला हव्यात, आणि रनवेच्या टोकापासून एक मैलाच्या आत रडारवर ओळख पटायला हवी. ७ जानेवारी २०२२ ला बंगळुरूत इंडिगोची दोन विमानं, एक कोलकात्याचं आणि एक भुवनेश्वरचं, दोन्ही रनवेंवरून एकाच वेळी उडाली आणि एकमेकांकडे झुकू लागली. सकाळी एक रनवे टेकऑफला, एक लँडिंगला होता. मग सगळं एकाच रनवेवर घ्यायचं ठरलं आणि ते दुसऱ्या टॉवरच्या कंट्रोलरपर्यंत पोचलं नाही. रडार कंट्रोलरने दोघांना वेगळ्या दिशा देऊन बाजूला काढलं. प्रत्येक टॉवरच्या नजरेत आपापला रनवे रिकामाच होता. हा बदल तोंडी कळवून भागत नाही. ज्याच्याकडून टेकऑफ काढून घेतला त्याने ‘माझ्याकडून टेकऑफ बंद’ असं परत म्हणून दाखवायला हवं, आणि पट्टी त्याच्याही फळीवर पडायला हवी.

उजवीसीट

यात एक भर. अशा बदलाच्या सुमारास कॉकपिटमध्येही घोळ होतो. पुशबॅकनंतर (विमान गेटवरून मागे ढकलल्यावर) रनवे बदलला की एफएमएसमधला (उड्डाणाच्या संगणकातला) रनवे, डिपार्चरचा मार्ग, व्ही-वनचे आकडे, फ्लॅप, सगळं नव्याने भरावं लागतं. हे टॅक्सी करताना एकाने भरलं तर बाहेर बघायला एकच जोडी डोळे उरतात. जमत नसेल तर होल्डिंग पॉइंटच्या आधी थांबायला मागा. आणि लाइनअप झाल्यावर रंगवलेला आकडा, होकायंत्र आणि एफएमएसमधला रनवे, तिन्ही जुळतात ना ते दोघांनी म्हणून दाखवा.

निळीझेप

शेवटचं. टॉवर ‘स्टॉप इमिजिएटली’ म्हणाला आणि वेग व्ही-वनच्या पुढे असेल, तर वैमानिकाने काय करायचं?

उजवीसीट

निर्णय कॅप्टनचा. व्ही-वनच्या पुढे थांबायला सुरुवात केली तर रनवे पुरेलच असं नाही, विमान टोकाबाहेर जाऊ शकतं. म्हणून सर्वसाधारणपणे उडायचं. अपवाद एकच, समोरचा अडथळा उचलूनही चुकणार नाही असं उघड दिसत असेल तर. उडत असाल तर रेडिओवर उत्तर द्यायच्या फंदात पडू नका. आधी विमान, मग दिशा, मग बोलणं. पण एक लक्षात ठेवा: तो आदेश ८० नॉटवर आला आणि तुम्ही ‘काय म्हणाला?’ असं विचारण्यात चार सेकंद घालवलीत, तर तेवढ्यात वेग १०० च्या जवळ जातो आणि रनवे दोनशे मीटरच्या आसपास मागे पडतो. त्या वाक्याला प्रश्न विचारायचा नसतो. थ्रस्ट आधी मागे, मग ‘स्टॉपिंग’.